पिल्लाच्या वाट्याची रात्र

माधवनगर, जूनची पहाट

माधवनगरच्या पेठेतून बाहेर पडून तुम्ही बुधगावच्या अंगाने शेतात उतरला आहात. रात्री पाऊस झालाय. काळी माती चपलेला धरून वर येते आणि चार पावलांत पाय जड होतात. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे जुनी दगडी विहीर, विहिरीवर झुकलेली बाभूळ आणि बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी. काही पुरी झालेली, खाली लांब नळी असलेली. काही अर्धवट, खालून उघडी.

एका नराकडे बघत राहा. डोकं आणि छाती हळदीच्या रंगाची, चेहरा काळपट. तो उसावर जातो, पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो आणि उडता उडता लांब धागा सोलून काढतो. घरट्यावर येऊन तो धागा ओवतो, टोक ओढून आवळतो, पुन्हा उसावर जातो. एवढ्यात पलीकडून एक मादी येते. सगळ्या झाडाचं काम थांबतं. एकेक नर आपापल्या घरट्याला लटकतो, पंख फडफडवतो, लांब सूर लावतो. मादी निघून जाते आणि लगेच सगळे परत विणायला लागतात.

फेब्रुवारीत याच बांधावर आला असतात तर हा नर तुम्हाला ओळखू आला नसता. तेव्हा तो मातकट रंगाचा होता आणि थव्यात मिसळून शाळूच्या रानात दाणे टिपत होता. घरटं नाही, गाणं नाही, मादीशी देणंघेणं नाही. या चार महिन्यांत त्याच्या अंगात काय झालं? आणि मघाशी मादी आली तेव्हा, तेवढ्या थोड्या वेळात, काय झालं? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर माणसाला पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिळू लागलं. दुसऱ्याची वाट १९८१ नंतर उघडली. ती वाट आता आपल्या जिल्ह्यातल्या पोल्ट्रीच्या शेडपर्यंत येऊन पोहोचली आहे, म्हणून तुम्हाला मागे घेऊन जायचं आहे.

ग्योटिंगेन, २ ऑगस्ट १८४८

जर्मनीतलं हे विद्यापीठाचं गाव. तुमच्यासमोर सहा तरणे कोंबडे आहेत. त्यांचे तुरे अजून वाढायचे आहेत, आरवणं फुटायचं आहे. वैद्यकाचे प्राध्यापक आर्नोल्ड आडोल्फ बर्टहोल्ड कामाला लागतात. दोन कोंबड्यांचे दोन्ही वृषण ते काढून टाकतात. दुसऱ्या दोघांचा एक वृषण काढतात आणि उरलेला जागेवरून सुटा करून पोटातच राहू देतात. शेवटच्या दोघांचे दोन्ही वृषण काढून एकाचा एक वृषण दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या पोटात, आतड्यांच्या मध्ये ठेवतात. मग टाके.

तुम्ही इथंच थांबा. आठवडे जाऊ द्या, उन्हाळा सरू द्या. पहिले दोघे खच्ची कोंबडे होतात. त्यांचे तुरे फिके आणि लहान राहतात, ते आरवत नाहीत, भांडत नाहीत, माद्यांच्या मागे लागत नाहीत. बाकीचे चौघे मात्र पक्के कोंबडे होतात. त्यांचे तुरे लालभडक आहेत, आवाज मोठा आहे आणि झुंजीची खुमखुमी आहे. पुढे बर्टहोल्ड त्यांची पोटं उघडून पाहतात. हलवलेला वृषण आतड्याला चिकटला आहे, त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत. जुन्या जागेच्या नसा तर केव्हाच तुटलेल्या. म्हणजे कोंबडा घडवणारा निरोप नसेतून जात नाही, तो रक्तातून जातो.

१८४९ मध्ये बर्टहोल्ड यांनी छोटासा निबंध छापला. त्याकडे कित्येक दशकं फारसं कुणी पाहिलं नाही. पण विसाव्या शतकात संशोधक पुन्हा कोंबड्याकडेच आले. एखाद्या अर्कात नर-संप्रेरक आहे का हे ओळखायला ते तो अर्क खच्ची कोंबड्याला टोचत आणि तुरा किती वाढतो ते मोजत. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला बैलाच्या वृषणातून शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळं झालं.

तेव्हापासून एक चित्र पक्कं बसलं. ग्रंथी संप्रेरक बनवते, रक्त ते पोहोचवतं आणि मेंदू ते ऐकून वागतो. सुगरणीचा पहिला प्रश्न या चित्रात पुष्कळसा सुटतो. उन्हाळ्याकडे दिवस मोठा होत जातो. पक्ष्याच्या पातळ कवटीतून शिरलेला उजेड मेंदूच्या खोल भागातल्या पेशींना कळतो. मेंदू आपल्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला जागं करतो, वृषण कित्येक पटींनी फुगतात, रक्तात टेस्टोस्टेरॉन चढतं. पिवळ्या पिसांची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. काशी हिंदू विद्यापीठात जे. पी. थपलियाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात सुगरणीवर काम केलं, तेव्हा खच्ची केलेल्या नरालाही ही पिसं येतात असं दिसलं. त्यांना वृषण लागत नाहीत, थेट पियूषिकेचं संप्रेरक पुरतं. सगळं काही वृषणाच्या हुकमाने चालतं, या समजाला इथं एक चीर पडली होती.

किहीम, १९३०

आता खारा वारा तोंडावर येतो. अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर तुम्ही आहात. बर्लिनहून शिकून आलेले सलीम अली इथं राहायला आले आहेत. हाताला नोकरी नाही, वेळ भरपूर आहे आणि घराजवळ सुगरणींची वसाहत आहे. तासन्‌तास बसून ते टिपणं काढतात. त्यांच्या मागे उभे राहा आणि तेच पाहा.

घरटं नर बांधतो आणि अर्धवट झालं की थांबतो. माद्या येतात, आत शिरतात, चोचीने ओढून बघतात. पसंत पडलं तर मादी तिथंच राहते. मग नर उरलेलं घरटं आणि नळी पुरी करतो. ती अंड्यांवर बसली की तो शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सगळं त्यांनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडलं. सुगरणीच्या संसाराची खरी रीत जगाला कळली ती या कोकणातल्या झाडाखालून.

तुम्ही त्या टिपणांतला वेळ बघा. वृषण फुगायला आठवडे लागतात. झाडावरचा नर मात्र विणणं सोडून मादीपुढे नाचायला लागतो आणि पुन्हा विणायला बसतो, हे मिनिटांत होतं. रक्तातलं संप्रेरक सगळ्या अंगाला एकाच वेळी मिळतं, ते अशा झटपट आणि नेमक्या कामाला कसं पुरणार? किहीमच्या वाळूत हा प्रश्न पन्नास वर्षं तसाच राहिला.

पॅरिसच्या वेशीवर, १९८१

बिसेत्र रुग्णालयाच्या आवारातली प्रयोगशाळा. एतियेन-एमिल बोलिय आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या मेंदूत टेस्टोस्टेरॉनच्या कुळातलं एक स्टेरॉइड मोजत आहेत. ते रक्तातून येत असेल तर त्याचा उगम दोनच ठिकाणी असायला हवा, वृषण किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी. त्यांनी दोन्ही काढून टाकल्या. काही दिवसांनी पुन्हा मोजलं. मेंदूतलं स्टेरॉइड होतं तिथंच होतं.

तुम्ही आकड्यांच्या त्या कागदावर वाकून पाहा. याचा अर्थ एकच निघतो, मेंदू ते स्वतः बनवतो. बोलिय यांनी अशा द्रव्यांना न्यूरोस्टेरॉइड म्हटलं.

मेंदू हे कसं करतो, तेही पाहून घ्या. कच्चा माल आहे कोलेस्टेरॉल. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही, म्हणून मेंदू आपल्यापुरतं आपणच तयार करतो. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात एक विकर त्याची शेपटी तोडतं आणि २७ कार्बनचा रेणू २१ कार्बनचा होतो. हे प्रेग्नेनोलोन. त्यातून प्रोजेस्टेरॉन बनतं, पुढे १९ कार्बनची नर-संप्रेरकं, आणि शेवटी ॲरोमाटेज नावाचं विकर त्यातून १८ कार्बनचं इस्ट्रोजेन तयार करतं. ही सगळी विकरं मेंदूत सापडली आहेत. बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉनही मेंदू हवं तेव्हा, हव्या त्या कोपऱ्यात बदलून घेऊ शकतो. साखर कारखान्यातून सगळ्या तालुक्याला पोती जातात, पण ज्याच्या बांधावर स्वतःचं गुऱ्हाळ आहे त्याला लागेल तेव्हा लागेल तेवढा गूळ तिथंच मिळतो. मेंदूत अशी गुऱ्हाळं आहेत. ती कधी पेटतात आणि कशासाठी, हे सर्वांत स्पष्ट दिसलं ते पक्ष्यांत.

लॉस एंजेलिस, १९९१ ते २००८

पिंजऱ्यांची रांग. आत मूठभर आकाराचे, लाल चोचीचे पक्षी. हे झेब्रा फिंच, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपल्याकडच्या मुनिया याच कुळातल्या, आणि सुगरण त्यांची जवळची नातलग. यांच्यात गातो तो फक्त नर. पुण्याच्या आयसर संस्थेत राघव राजन यांची प्रयोगशाळा याच पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास करते, त्यामुळे हे पिंजरे पाहायला खरं तर समुद्र ओलांडायची गरज नाही.

बार्नी श्लिंगर आणि आर्थर आर्नोल्ड यांच्यापुढचं कोडं असं होतं. या नरांच्या रक्तात इस्ट्रोजेन सापडतं आणि वृषण काढले तरी ते राहतं. मग येतं कुठून? त्यांनी शरीरातल्या एकेका अवयवात ॲरोमाटेज शोधलं. सर्वांत जास्त मिळालं मेंदूत. पुढे त्यांनी मेंदूकडे जाणारं आणि मेंदूकडून परतणारं रक्त ताडून पाहिलं. परतणाऱ्या रक्तात इस्ट्रोजेन जास्त होतं. मेंदू नुसता आपल्यापुरतं बनवत नव्हता, उरलेलं रक्तात सोडतही होता. बर्टहोल्ड यांच्या वेळचा बाण उलटा फिरला होता.

आता २००१ मध्ये या, इलिनॉयला. काचेच्या बशीत पिल्लांच्या मेंदूच्या पातळ चकत्या जिवंत ठेवल्या आहेत. गाण्यासाठी मेंदूतल्या एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे तंतू जावे लागतात. नर-पिल्लाच्या चकतीत ते वाढले आणि भोवतालच्या द्रवात इस्ट्रोजेन जमलं. इथं वृषण नाहीत, रक्त नाही, अंगच नाही. तरी मेंदूच्या तुकड्याने आपलं संप्रेरक बनवलं आणि आपली वाट घातली. मग मादी-पिल्लाची चकती नराच्या चकतीशेजारी ठेवली, तर तिच्यातही तसेच तंतू वाढले. शेजारच्या मेंदूचं इस्ट्रोजेन तिला पुरलं.

२००३ चा एक पक्षी तर विसरता येणार नाही असा आहे. उजवा अर्धा अंगरखा नराचा, डावा मादीचा. जन्मतःच त्याच्या अर्ध्या पेशी एका लिंगाच्या, अर्ध्या दुसऱ्या. दोन्ही बाजूंना रक्त एकच फिरतं. रक्तातल्या संप्रेरकानेच मेंदू घडत असता तर दोन्ही बाजू सारख्या निघायला हव्या होत्या. पण गाण्याची केंद्रं उजवीकडे मोठी होती. म्हणजे मेंदूच्या पेशींना स्वतःचं काही म्हणणं आहे.

आणि आता तुमच्या किहीमच्या प्रश्नाकडे. २००८. ल्यूक रेमेज-हीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाग्या, फिरत्या झेब्रा फिंचच्या मेंदूत, ऐकण्याच्या भागात, अतिशय बारीक नळी बसवली आहे. तीस-तीस मिनिटांनी तिथल्या द्रवाचा नमुना निघतो. नराला दुसऱ्या नराचं गाणं ऐकवलं. पुढच्याच नमुन्यात इस्ट्रोजेन वाढलेलं. मादी समोर आणली, तेव्हाही वाढलं. गाणं थांबलं, मादी गेली, की पातळी खाली. पुढच्या प्रयोगांत हे जागच्या जागी बनणारं इस्ट्रोजेन थांबवलं, तर ऐकण्याच्या पेशींचा प्रतिसाद फिका पडला आणि ओळखीच्या गाण्याकडचा ओढाही गेला.

बेल्जियममध्ये जॅक बाल्थझार यांनी लाव्यांच्या मेंदूत दाखवलं की ॲरोमाटेज हे विकर काही मिनिटांत मंद किंवा पुन्हा चालू होऊ शकतं. पेशीत कॅल्शियम शिरलं की ते आवरतं. गाणाऱ्या पक्ष्यांत हे विकर चेतापेशींच्या टोकांशी, दोन पेशी एकमेकींना निरोप देतात त्या जागीच सापडतं. मिनिटांच्या हिशोबाने आणि कोपऱ्यापुरतं चालणारी व्यवस्था पक्ष्याच्या डोक्यात आहे, हे कळल्यावर माधवनगरच्या बाभळीवरचा प्रसंग निराळा दिसू लागतो. ऋतूचा हिशोब वृषण आणि रक्त सांभाळतात. क्षणाचा हिशोब मेंदू स्वतः सांभाळतो.

वॉशिंग्टन राज्य, एक हिवाळा

इथं फार वेळ थांबू नका, थंडी आहे. झुडपावर एक साँग स्पॅरो बसला आहे. विणीचा हंगाम कधीच संपला, वृषण आक्रसले आहेत, रक्तात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाही. तरी परक्या नराचं गाणं ऐकू येताच तो धावून जातो. खच्ची केला तरी धावून जातो. पण ॲरोमाटेज थांबवणारं औषध दिलं की त्याचा राग ओसरतो, आणि इस्ट्रोजेन दिलं की परत येतो. हिवाळ्यात भांडणाचं इंधन वृषणातून येत नाही. रक्तातला एक निरुपद्रवी पूर्वगामी रेणू मेंदू उचलतो आणि आपल्या गरजेपुरता बदलून घेतो. पूर्ण अंगात टेस्टोस्टेरॉन वाहत ठेवण्याची किंमत मोठी असते, थंडीत आणि उपासमारीत ती परवडत नाही. मेंदूने ती वाचवली.

झेब्रा फिंचच्या मेंदूला इजा झाली तर काय होतं, तेही जाता जाता ऐका. जखमेच्या कडेच्या आधार-पेशी, ज्या एरवी ॲरोमाटेज बनवत नाहीत, त्या ते बनवू लागतात आणि तिथं तयार होणारं इस्ट्रोजेन आसपासच्या चेतापेशींना मरणापासून वाचवतं. गाणं, राग, डागडुजी, ही सगळी कामं एकाच घरच्या द्रव्याने होतात.

जपान, १९९५ ते २०१९

हिरोशिमा विद्यापीठात काझुयोशी त्सुत्सुई लाव्यांच्या मेंदूवर काम करतात. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं की पक्ष्याचा मेंदू कोलेस्टेरॉलपासून थेट प्रेग्नेनोलोन बनवतो, म्हणजे साखळीचं पहिलं पाऊलही तिथंच पडतं. पुढे त्यांच्या गटाला लाव्याच्या मेंदूत एक नवं द्रव्य सापडलं. नरात ते दिवसा वाढतं आणि पक्ष्याला हिंडतं-फिरतं ठेवतं. रात्री पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन येतं आणि ते त्याचं उत्पादन खाली आणतं. उजेड आणि काळोख यांचा हुकूम इथं पहिल्यांदा मेंदूतल्या स्टेरॉइडपर्यंत पोहोचलेला दिसतो.

पक्ष्याची पिनिअल ग्रंथी मोठ्या मेंदूच्या मागे, लहान मेंदूच्या लगत, कवटीच्या अगदी खाली असते. तिच्यातल्या पेशींना उजेड थेट कळतो. टेक्सासमध्ये मायकेल मेनाकर यांनी १९७० मध्ये चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं उपटून आणि कातडीखाली काळी शाई भरून दाखवलं होतं की डोळ्यांवाचूनही चिमणीच्या मेंदूला दिवस मोठा की लहान ते समजतं.

आता टोकियोत या. सन २०१२. समोर लाव्याची लहान पिल्लं. शोगो हारागुची, त्सुत्सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की या पिल्लांची पिनिअल ग्रंथी स्वतः एक स्टेरॉइड बनवते, ॲलोप्रेग्नॅनोलोन. ते लगतच्या लहान मेंदूत जातं. तिथं पर्किंजे नावाच्या मोठ्या, फांद्याफांद्यांच्या पेशी वाढत असतात. शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ या पेशींवर उभा असतो. ग्रंथी काढली तर लहान मेंदूतलं ॲलोप्रेग्नॅनोलोन घटलं आणि पर्किंजे पेशी मरू लागल्या. बाहेरून ते दिलं, तर वाचल्या.

आणि २०१९. त्याच वाटेवरचा पुढचा प्रयोग. यावेळी ग्रंथीला हात लावलेला नाही. फक्त उबवणीनंतरच्या पहिल्या दिवसांत कोंबडीच्या काही पिल्लांच्या रात्रीत उजेड घातला. दिवस आणि रात्र यांच्याप्रमाणे ॲलोप्रेग्नॅनोलोनचा जो चढउतार होतो तो मोडला. पर्किंजे पेशी मेल्या. रोज ॲलोप्रेग्नॅनोलोन टोचलेल्या पिल्लांत त्या वाचल्या. हारागुची आणि सहकाऱ्यांनी हे ई-लाइफ या जर्नलमध्ये छापलं.

एक दिवा. रात्रीचा. त्याने पिल्लाच्या मेंदूतल्या पेशी कमी झाल्या. हे वाक्य तुम्ही सोबत घेऊन परत या.

माधवनगर, १९५० च्या सुमाराची एक रात्र

बुधगाव संस्थानाच्या काळात वसलेल्या या पेठेत कॉटन मिलचा भोंगा वाजून गेलाय. कडेच्या वस्तीवर तुम्ही एका परसात उभे आहात. दिवेलागणीला घरच्या बाईने कोंबड्या डालल्या आहेत. एका डालग्याखाली खुडूक कोंबडी आहे. एकवीस दिवस अंड्यांवर बसून तिने पिल्लं काढली आहेत आणि ती सगळी तिच्या पंखाखाली गेली आहेत. घरात एक कंदील, तोही थोड्या वेळाने मालवला जाईल.

तुम्ही गुडघे टेकून डालग्याशी कान लावा. पिल्लांची कुरकुर ऐकू येते, हळूहळू थांबते. पंखाखाली ऊब आहे आणि पूर्ण काळोख आहे. सकाळी कोंबडी पिल्लं घेऊन उकिरड्यावर जाईल, तेव्हा कोवळं ऊन त्यांच्या डोक्यावर पडेल. उजेड आणि काळोख यांची ही अदलाबदल कोंबडीच्या जातीला हजारो पिढ्या मिळत आली. पिल्लाची पिनिअल ग्रंथी तिच्यावर विसंबून घडली आहे. परसातल्या बाईला पर्किंजे पेशी माहीत असण्याचं कारण नाही. कोंबड्या रात्री डालायच्या असतात, हे तिला माहीत आहे.

आपल्या जिल्ह्यात, आज

विटा-खानापूरकडून मिरजेपर्यंत कुठल्याही रस्त्याने रात्री जा. शेतांच्या मध्ये लांबच लांब शेडं दिसतात आणि त्यांतली काही रात्रभर उजळलेली असतात. त्यांतल्या एका शेडमध्ये शिरा. खाली तुसाचा थर, गोल चिक गार्ड आणि आत एका दिवसाची पिल्लं. वर बल्ब. पहिले काही दिवस जवळजवळ चोवीस तास उजेड ठेवायचा, हा या धंद्यातला जुना सल्ला आहे. पिल्लांना खाद्य आणि पाणी सापडावं, ती थंडीने एकमेकांवर चढून दबून मरू नयेत, म्हणून. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला आहे आणि शेतकऱ्याची भीतीही खरी आहे. एका रात्रीत वीज गेल्यावर ढिगाखाली मेलेली पिल्लं ज्याने उचलली आहेत, त्याला काळोखाची भीती वाटणारच.

पण या बल्बकडे आता तुम्ही टोकियोहून आलेल्या डोळ्यांनी बघत आहात. बल्ब एकाच वेळी दोन गोष्टी देतो, ऊब आणि उजेड. पिल्लाला रात्री ऊब हवीच. उजेड नको. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. गॅस ब्रूडर आहेत, उजेड न देता तापणारे हीटर आहेत. पिल्लं पहिल्या दिवशी पाणी आणि खाद्य शोधायला शिकली की रात्री काही तास दिवे बंद करता येतात. दिवे एकदम न घालवता हळूहळू मंद केले, पिल्लं उबेजवळ गोळा झाल्याची खात्री केली आणि पहिल्या काही रात्री माणूस हजर ठेवला, तर दबून मरण्याचा धोका आटोक्यात राहतो.

युरोपीय संघाने २००७ च्या नियमात मांसाच्या कोंबड्यांना दिवसाकाठी किमान ६ तास काळोख द्यायला सांगितलं आहे, त्यातले किमान ४ तास सलग. पण तो नियम लागू होतो पिल्लं शेडमध्ये आल्यापासून ७ दिवसांच्या आत. म्हणजे पहिल्या आठवड्याला तिथंही सूट आहे. आणि २०१९ च्या प्रयोगात पेशी मेल्या त्या याच कोवळ्या दिवसांत. जिथं संरक्षण सर्वांत जास्त हवं, नेमकी तिथंच फट राहिली आहे.

माझं मत सरळ आहे. मेंदू स्वतःची संप्रेरकं बनवतो आणि उजेड-काळोखाप्रमाणे त्यांत बदल करतो, हे ठरल्यावर रात्रीचा दिवा ही निव्वळ सोय राहत नाही. तो पिल्लाच्या घडणीतला हस्तक्षेप ठरतो. तो करायचा तर कारण देऊन करावा, सवय म्हणून नाही.

शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आपल्यापासून लांब नाही. तिथल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ही गोष्ट आपल्या शेडमध्ये, आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्या जातींवर तपासावी. एकाच बॅचचे दोन भाग करायचे, ऊब सारखी ठेवायची, एका भागाला पहिल्या आठवड्यात रात्रीचा काळोख द्यायचा, दुसऱ्याला नाही. मग चाल, लंगडणं, मरतूक आणि वजन मोजायचं, आणि आकडे मराठीत छापून शेतकऱ्यांच्या हातात द्यायचे.

आणि पोल्ट्री चालवणाऱ्या भावा-बहिणींना एवढंच सांगणं, की पुढची बॅच येण्याआधी ऊब आणि उजेड यांची सोय वेगळी करून घ्या, आणि पिल्लांना पहिल्या आठवड्यापासून रात्र द्या.